शंभर मिलिमीटरच्या आत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला एक खुर्ची दाखवण्यात आली. प्लास्टिकची, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. सेक्शनचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. इथं बसा. टपाल बघा, हजेरी लिहा, फोन घ्या. बाहेर उन्हात तुमचं काय काम?"

मी बी.एस्सी. झालेली. लातूरला खोली करून स्पर्धा परीक्षांचे क्लास केले, चार परीक्षांत नापास झाले आणि पाचव्या परीक्षेत रेल्वेची ही नोकरी लागली. नेमणुकीच्या कागदावर ट्रॅक मेंटेनर असं लिहिलेलं होतं. म्हणजे रूळ सांभाळणारी. पूर्वी ह्यालाच गँगमन म्हणत. माझ्याआधी लागलेल्या एक बाई त्या ऑफिसात चहा करत होत्या आणि कपबशा विसळत होत्या. स्टोअरच्या वहीत त्यांच्या नावावर हातोडा, फावडं आणि पहार लिहिलेली होती.

"साहेब, मला गँगमध्ये पाठवा," मी म्हणाले.

"हातोडा उचलून बघितलाय का कधी?"

"नाही. उद्या उचलते."

ते चिडले नाहीत. वाईट माणूस नव्हतेच ते. "आठ दिवसांत परत याल," एवढंच म्हणाले.

त्या शनिवारी मी नांदेडला घरी गेले. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गाड्यांखाली उताणं पडून त्यांनी जन्म काढला. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी नखांतलं काळं निघालं नव्हतं. आमच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांचं कपाट आहे, तेही बाबांनी स्वतः लोखंडी पट्ट्या जोडून केलेलं. मी सगळं सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"लेखणी हातात यावी म्हणून शिकवलं तुला. आता खुर्ची मिळून राहिली, आन् तू हातोडा मागून राहिलीस?"

"बाबा, त्या खुर्चीसमोर लेखणी नाही. चहाचं भगुनं आहे."

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. बाबांनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाले, "बघ बाई तुझं तू." ती परवानगी नव्हती, पण मी ती परवानगी धरली.

आमचं स्टेशन लातूरपासून पाऊण तासावर. एकेरी लाईन, दोन्ही अंगांना सोयाबीन, नंतर हरभरा. गँगच्या प्रमुखाला मेट म्हणतात. आमचे मेट रेणापूरकडचे, साठीला टेकलेले. कपाळाला भस्म, शर्टाच्या आत गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मी त्यांना मामा म्हणायला लागले, ते मला माय म्हणायचे. आमच्याकडं लेकीच्या वयाच्या पोरीलाही माय म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला हातोडा दिलाच नाही. रुळाजवळ उकिडवं बसवलं.

"माय, आधी नावं शिक. नाव ठावं न्हाई तर हाक कशी मारशील? हे डोस्कं, ही कंबर, हे पाय." आणि त्यांनी रुळाच्या वरच्या गोलाईवरून, मधल्या बारीक भागावरून आणि खालच्या पसरट पट्टीवरून हात फिरवला, जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा.

मी एक दोनशे पानी वही घेतली आणि शब्द लिहायला लागले. रुळाला त्याच्याखालच्या आडव्या सिमेंटच्या ठोकळ्याशी, स्लीपरशी, धरून ठेवणारी वळणदार लोखंडी क्लिप, ती चावी. स्लीपरच्या पोटाखाली खडी ठोकून भरणं म्हणजे पॅकिंग. गाड्या थांबवून कामासाठी मिळालेला वेळ म्हणजे ब्लॉक. पुढं लाईन कच्ची आहे, सावकाश जा, असा ड्रायव्हरला दिलेला हुकूम म्हणजे कॉशन. इंजिनाचं चाक गेलं की धडाडणारी पत्र्याची चपटी डबी, तिला कागदावर डिटोनेटर म्हणतात, गँगमध्ये फटाका. दोन रुळांची टोकं वितळलेलं लोखंड ओतून जोडतात, तो वेल्ड. त्या जागी रुळाची कंबर थोडी फुगलेली दिसते.

शब्द आले, पण हात यायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात तळव्यांना आलेले फोड फुटले, पुन्हा आले, पुन्हा फुटले. लाईनवर बायकांसाठी आडोसा नाही. मी अर्ज दिला. उत्तर आलं नाही. दुसरा दिला, तिसरा दिला. तोवर गरज पडली की मी हातोडा खाली ठेवून सरळ स्टेशनकडं चालत जायचे आणि चालत परत यायचे. दीड किलोमीटर जाऊन, दीड किलोमीटर येऊन. साहेब म्हणाले, "कामाचा वेळ जातो." मी म्हणाले, "साहेब, तेच तर अर्जात लिहिलंय." चौथ्या अर्जानंतर गँगच्या खोलीमागं पत्र्याची मोरी बांधून मिळाली. पत्र्याला कडी नव्हती, ती मी लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून आणून बसवली.

गँगमधला एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईनं पॅकिंग केलेल्या जागी गाडी लाजत जाईल."  दुपारी एक लांबलचक मालगाडी गेली. मामा खाली बसून बघत होते. त्या माणसानं पॅकिंग केलेल्या स्लीपर चाकाखाली वरखाली होत होत्या आणि धूळ उडत होती. माझ्या जागची एकही हलली नाही. मामा त्याला म्हणाले, "तुझ्या नाचून राहिल्यात लेका. जा, पुन्हा कर."

दोन वर्षांनी आमच्या सेक्शनचा कीमन बदली होऊन गेला. कीमन म्हणजे रोज पहाटे आपल्या हद्दीतली लाईन एकट्यानं पायी तपासणारा माणूस. सुटलेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, बोल्ट आवळायचे, रुळाला तडा गेलाय का बघायचं आणि धोका दिसला तर गाडी थांबवायची. त्याच्या चालायच्या हद्दीला बीट म्हणतात. मी ती बीट मागितली.

"कीमन," साहेब म्हणाले. "शब्दातच मॅन आहे, मॅडम."

"मॅन म्हणजे माणूसच ना, साहेब?"

त्यांनी माझी परीक्षा घ्यायची ठरवली. मामांच्या समोर, अर्धा तास. एकेरी लाईनवर तडा सापडला तर आधी काय करशील? लाल झेंडी कुठं रोवशील? कुठल्या बाजूला पळशील? फटाके किती अंतरावर? सगळी उत्तरं मी दिली. शेवटी त्यांनी विचारलं, "वेल्ड तुटला आणि रूळ तुटला, ह्यात फरक काय?"

"वेल्डच्या मध्यापासून शंभर मिलिमीटरच्या आत तुटलं तर वेल्ड फेल्युअर. बाहेर तुटलं तर रेल फ्रॅक्चर."

"बरोबर," ते म्हणाले. सोमवारपासून बीट माझी झाली. खांद्यावरच्या पिशवीत पाना, चावीचा हातोडा, दोन लाल झेंड्या, एक हिरवी, फटाक्यांची डबी. खिशात एक जीपीएसचं यंत्र, मी कुठल्या वेळी कुठं होते हे ऑफिसात दाखवणारं. पुष्कळ कीमनांना ते यंत्र नको वाटतं. मला आवडायचं.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला माझ्या बीटवर एक नवा वेल्ड झाला. काम बाहेरच्या एका ठेकेदाराच्या माणसांचं, देखरेख साहेबांची. ब्लॉक उशिरा मिळाला आणि पुढच्या स्टेशनात मालगाडी उभी होती. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसचे फोनवर फोन येत होते. लोखंड ओतायच्या आधी रुळाची टोकं ठरलेली मिनिटं तापवायची असतात. ती तापवली जात असताना साहेब घड्याळाकडं बघून म्हणाले, "चला, झालं, ओता." वेल्डरनं एकदा मान वर करून त्यांच्याकडं बघितलं आणि ओतलं. मी तिथंच झेंडी घेऊन उभी होते. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. घाई रोजचीच असते.

पंधरवड्यात तो वेल्ड किंचित खाली बसला. चाक गेलं की तिथं वेगळा आवाज यायचा, अखंड माठाऐवजी चिरलेल्या माठावर टिचकी मारावी तसा. मी कीमनच्या रोजच्या डायरीत लिहिलं आणि साहेबांना तोंडीही सांगितलं. ते म्हणाले, "बघू पुढच्या ब्लॉकला." पुढचा ब्लॉक दुसऱ्या कामात गेला.

मग जानेवारीतली ती सकाळ. थंडीत रूळ आखडतो आणि जिथं कमजोर असेल तिथं तुटतो, म्हणून कीमनला हिवाळ्याची सकाळ सगळ्यात अवघड. लाईनवर धुकं होतं. हरभऱ्याच्या पानांवरचं दव बुटांना लागत होतं. निघताना स्टेशनमास्तरांना गाड्यांचं विचारायची माझी सवय होती. लातूरच्या बाजूनं सिमेंटची भरलेली मालगाडी येणार, असं ते म्हणाले होते.

त्या वेल्डपाशी मी रोज थांबायचे. त्या दिवशी पाच-सहा पावलं अलीकडूनच दिसलं. रुळाच्या डोक्यावर आडवी काळी रेघ. मी जवळ जाऊन गुडघ्यावर बसले. रेघ डोक्यापासून कंबरेतून पायापर्यंत गेली होती आणि फटीत माझी करंगळी जात होती.

घाबरले का, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. घाबरायला वेळ नव्हता. एक झेंडी तिथंच रोवली. फोन काढला तर रेंज नव्हती. मग लातूरच्या दिशेनं पळत सुटले. स्लीपरवरून पळताना पावलं नीट पडत नाहीत, एक पाऊल आखूड पडतं, एक लांब. सहाशे मीटरवर पहिला फटाका लावायचा, बाराशेवर तीन. खांबांवरचे आकडे मोजत पळत होते. पहिला लावला. बाराशेच्या आधीच धुक्यात पिवळा गोळा दिसला. तिथंच बसून उरलेले तीन लावले आणि रुळाच्या कडेला उभी राहून झेंडी हलवायला लागले.

इंजिन फटाक्यांवर आलं. एकामागून एक तीन धडाके. ब्रेक लागले आणि डबे कुरकुरत माझ्यासमोरून जायला लागले. थांबत नव्हते. भरलेली मालगाडी लगेच थांबत नसते. शेवटचे डबे माझ्याजवळ येऊन अगदी सावकाश झाले आणि थांबले. मी पुन्हा उलटी पळाले, इंजिनाकडं.

इंजिन तड्यापासून बऱ्यापैकी अलीकडं उभं होतं. ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा माणूस, कानटोपी घातलेला. मी त्याला चालवत तड्यापाशी नेलं. त्यानं वाकून फटीत बोट घातलं आणि काढलं. वर इंजिनात जाऊन स्वतःची पाण्याची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली. 

रेंज मिळेपर्यंत चालत जाऊन मी फोन केला. गँग आली, साहेब आले. तुटलेल्या जागी दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी पट्ट्या लावून शिकंज्यांनी आवळल्या आणि मालगाडी पायी चालण्याच्या वेगानं पलीकडं काढली. त्याआधी मी तड्यावर टेप धरला होता. वेल्डच्या मध्यापासून पंचावन्न मिलिमीटर. मामांनी शेजारी बोटं ठेवून बघितली. "चार बोटं बी न्हाईत," ते म्हणाले. मी रुळावर खडूनं खूण केली आणि फटीतलं तुटलेलं तोंडही दिसेल असा टेपसकट फोटो फोनवर काढला.

दुपारी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. माझी डायरी त्यांच्या समोर उघडी होती.

"वेल्ड फेल्युअर लिहिलंय तुम्ही. ते खोडा. रेल फ्रॅक्चर लिहा."

"पंचावन्न मिलिमीटर आहे साहेब."

"मी मोजलं तेव्हा एकशे चाळीस होतं."

"तुम्ही मोजलं कधी?"

 त्यांनी मोजलेलं नव्हतं, ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. ह्या दोन शब्दांत काय अडकलंय, हे तिथल्या कुणालाही सांगायची गरज नव्हती. रूळ तुटला असं लिहिलं की दोष थंडीचा आणि जुन्या लोखंडाचा, तिथं विषय संपतो. वेल्ड तुटला असं लिहिलं की कुणी केला, कधी केला, किती मिनिटं तापवला, शेजारी कोण उभं होतं आणि सही कुणाची आहे, हे सगळं निघतं.

त्यांनी आवाज मऊ केला. "मॅडम, तुम्ही आज मोठं काम केलंय. तुमचं नाव मी बक्षिसासाठी पाठवतो. पेपरात फोटो येईल. आईवडिलांना किती बरं वाटेल. एका शब्दावर अडून बसू नका."

"बक्षीस नका पाठवू."

"आणि तुमच्या बीटमध्ये चाव्या सैल होत्या म्हणून तुटलं, असं कुणी म्हणालं तर?"

"म्हणू द्या. मी रोज कुठं थांबले ते यंत्रात आहे. वेल्ड बसतोय असं मी तीन आठवड्यांपूर्वी लिहिलंय, ते त्याच डायरीत आहे. पान मागं करून बघा."

त्यांनी पान मागं केलं नाही. मी डायरी उचलली आणि बाहेर आले. 

दुसऱ्या दिवशी कळलं की सेक्शनच्या मोठ्या रजिस्टरात रेल फ्रॅक्चर अशी नोंद झाली आहे आणि खाली साक्षीदार म्हणून मामांची सही आहे.

मी त्यांना गँगच्या खोलीबाहेर गाठलं. ते चिलीम भरावी तसं मन लावून पान्याला ग्रीस लावत होते.

"मामा, बोटं तुम्ही ठेवली होती."

"हाव."

"मग सही का केली?"

"रिटायर व्हायला चार महिने हायेत माय. साहेबानं कागुद पुढं केला. म्या केली." पान्यावरून त्यांनी नजर वर केली नाही. "तुला शिकवाया जमलं मला. हे न्हाई जमलं."

मी त्यांच्याशी त्यानंतर आठ-दहा दिवस बोलले नाही. हाताखाली शिकले त्या माणसाबद्दल मला एवढा राग येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं. तुटलेला तुकडा कापून काढून तिथं नवा रूळ बसवला गेला होता. तो तुकडा तपासणीला पाठवायचा असतो. साहेब म्हणाले, भंगारात गेला, गडबडीत. आता माझ्याकडं एक फोटो होता आणि माझीच डायरी. मी वरच्या ऑफिसाला पत्र लिहिलं. एका पानाचं. काय मोजलं, कधी मोजलं, नोंद काय झाली. खाली सही केली आणि पत्राची पोच घेतली.

त्या रविवारी नांदेडला गेले. बाबांना फोनवरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि खिडकीपाशी नेला. आयुष्यभर तुटलेले अॅक्सल बघितलेला माणूस.

"हा जो काळपट भाग हाय ना, हे आधीच फुटलेलं," ते म्हणाले. "हवा लागून काळं पडलं. चमकून राहिलंय तेवढंच त्या दिवशी तुटलं. आन् ही बारीक भोकं बघ. नीट तापलं नव्हतं हे. कोण म्हणतं रूळ तुटला?"

"साहेब म्हणतात."

"आन् तू?"

"मी वेल्ड लिहिलंय."

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "डेपोत असताना म्या एकदा ब्रेक पास नाही म्हणून गाडी अडवली होती," ते म्हणाले. "मग वरून दाब आला आन् सोडली. काही झालं नाही त्या गाडीला. पण म्या सोडली." ते एवढंच बोलले. मला हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. उठताना म्हणाले, "शब्द बदलू नको."

पत्रामुळं चौकशी लागली. चौकशीच्या दोन दिवस आधी मी बीट संपवून परत येत होते तेव्हा मामा लाईनवर उभे होते. "चल," म्हणाले. गँगच्या खोलीत नेऊन कोपऱ्यातली पोती बाजूला केली. खाली ताडपत्रीत गुंडाळलेले तुकडे होते, दोन. वेल्डची फुगलेली कंबर, तोंडाशी काळा डाग आणि रुळावर माझ्याच खडूनं मारलेली खूण.

"भंगारात न्हाई जाऊ दिला," ते म्हणाले. "म्या तिथं काही बोलणार न्हाई माय. माझ्यानं व्हायचं न्हाई. पर हे हितं हाय, एवढं तू सांग."

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग गेला नाही. पण त्या दिवशी मी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली.

चौकशीला तीन अधिकारी होते. मामांना विचारलं तेव्हा त्यांनी "नीट आठवत न्हाई" असं सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी फोटो दाखवला, डायरी दाखवली आणि तुकडा कुठं ठेवलाय ते सांगितलं. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "वेल्ड करताना तुम्ही हजर होता?"

साहेब समोरच बसले होते. मी हो म्हणाले.

"काय पाहिलं?"

"तापवणं लवकर थांबवलं. साहेब म्हणाले, चला, झालं, ओता. पुढं गाडी उभी होती आणि कंट्रोलचे सारखे फोन येत होते, हेही लिहा."

"ते लिहायची गरज नाही."

"मी सांगितलंय. लिहिल्याशिवाय माझ्या सहीला अर्थ नाही."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग लिहून घेणाऱ्याला खुणावलं आणि ते लिहिलं गेलं. मी वाचून घेतलं आणि मगच सही केली.

तुकडा तपासणीला गेला. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, वेल्ड सदोष. रजिस्टरातली नोंद लाल शाईनं दुरुस्त झाली. साहेबांची पगारवाढ रोखली गेली आणि बदली झाली. ठेकेदाराचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. फोन करून करून गाडीची घाई करणाऱ्यांचं काही झालं नाही, हे मला सांगायची गरज नव्हती.

आणि माझी बीट काढून घेतली. कागदावर कारण होतं, प्रशासकीय सोय. मला एका फाटकावर बसवलं, जिथं दिवसाला मोजून थोड्या गाड्या आणि बाकी बैलगाड्या, ट्रॅक्टर. ज्यांना वाटलं मी आता धडा शिकेन, त्यांना मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक अर्ज पाठवला. तीच ओळ, मला कीमनची बीट परत द्यावी. दर वेळी पोच घेतली. फाटकावरच्या काळात मी वही काढून शब्द नव्यानं नीट लिहून काढले, मामांनी सांगितलेले त्यांच्याच बोलीत. मामा त्या दरम्यान रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मी गेले आणि मागं उभी राहिले. त्यांनी शालीची घडी माझ्या हातात दिली, फक्त धरायला, कारण त्यांना हात जोडायचे होते.

नवव्या अर्जाला बीट मिळाली. जुनी नाही, दुसरी, औशाच्या रस्त्याच्या बाजूची, जुनीपेक्षा लांब. कुणीतरी मला सांगितलं की ही शिक्षा म्हणूनच दिली आहे. मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले.

गेल्या पावसाळ्यात लातूर स्टेशनावर ते साहेब दिसले. केस पिकले होते. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, हातात फळांची पिशवी. मी नमस्कार केला. त्यांनी पत्नीला सांगितलं, "ह्याच त्या." त्या बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, आमच्या त्या दिवसाबद्दल त्यांच्या घरात किती बोलणं झालं असेल.

"त्या दिवशी शब्द बदलला असता तर तुमचंही चांगलं झालं असतं आणि माझंही," साहेब म्हणाले. रागानं नाही, थकल्यासारखं.

"त्या मालगाडीच्या ड्रायव्हरचं?" मी विचारलं.

ते फळांच्या पिशवीकडं बघायला लागले. "गाडी तर तुम्ही थांबवलीच होती. पुढं काय लिहिलं ह्यानं त्याला काय फरक पडला?"

"पुढच्या वेल्डला पडला असता, साहेब."

गाडी लागली. त्यांच्या पत्नीला चढताना त्यांनी हात दिला. मी माझ्या डब्याकडं गेले.